८ जून १९६७, ‘लिबर्टी’ : आपले अनुभव

इस्रायल आणि शेजारच्या अरब देशांमधील सहा दिवसांच्या युद्धात, ८ जून १९६७ रोजी, सिनाईच्या किनाऱ्याजवळ इस्रायलच्या विमानांनी आणि पाणतीर-नौकांनी (टॉर्पेडो बोटींनी) ‘लिबर्टी’ या अमेरिकी टेहळणी जहाजावर हल्ला केला. ३४ जण मारले गेले, १७० हून अधिक जखमी झाले. ज्यांचा या घटनेशी कामामुळे, घरामुळे किंवा राहत्या गावामुळे संबंध आला, त्यांनी अवश्य लिहावे.

निवृत्त कप्तान, रत्नागिरी
मला सर्वांत अस्वस्थ करते ती नकाशावरची खूण. त्या सकाळी इस्रायली विमानाने ‘लिबर्टी’ला पाहिले होते, ती अमेरिकी असल्याचे ओळखले गेले होते आणि नौदलाच्या मुख्यालयात तिची जागा नकाशावर दाखवलीही होती, परंतु माहिती जुनी झाली म्हणून अकराच्या सुमारास ती खूण काढली गेली, आणि नंतर पाळीवर आलेल्यांना तेथे मित्राचे जहाज आहे हे कळलेच नाही. दुपारी पाणतीर-नौकेने तिचा वेग ३० नॉट (तासाला ३० सागरी मैल) मोजला. मुळात व्हिक्टरी जातीचे मालवाहू असलेले ते जहाज १८ नॉटच्या पुढे जाऊच शकत नव्हते! मी सेकंड ऑफिसर असताना एकदा पहाटे चारला वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सोपवताना उजवीकडे दिवे नसलेल्या मच्छीमार होड्या आहेत हे सांगायचे विसरलो. केबिनमध्ये बूट काढताना आठवले आणि तसाच ब्रिजवर धावलो. चीफ ऑफिसरना होड्या दिसल्या होत्या, म्हणून निभावले. सांगायचे राहून गेलेले एक वाक्य काय करू शकते, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ‘लिबर्टी’चे उदाहरण देऊन सांगत आलो.

सागरी विमा दावे, मुंबई
मृतांच्या कुटुंबीयांसाठी इस्रायलकडून सुमारे ३३ लाख डॉलर १९६८ साली मिळाले, जखमींसाठी सुमारे ३६ लाख १९६९ साली. जहाजाचा दावा मात्र डिसेंबर १९८० मध्ये ६० लाखांवर मिटला. जहाज तर १९७३ सालीच भंगारात विकले गेले होते. आमच्या कामात माणसांचे दावे अडतात आणि मालाचे लवकर सुटतात, त्यामुळे हा क्रम मला योग्य वाटला.

अशदोद, इस्रायल
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. वडील अलिबागकडून येथे आले. त्या पाणतीर-नौका आमच्याच बंदरातल्या. इस्रायलने त्याच दुपारी हल्ला चुकून झाल्याचे अमेरिकी दूतावासाला कळवून माफी मागितली, हे वडील दर वेळी आवर्जून सांगत. पुढे मी वाचले की अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना तो खुलासा पटला नव्हता आणि वाचलेले अनेक खलाशी आजही तो हल्ला जाणूनबुजून झाला असे मानतात. दोन्ही देशांच्या चौकशांनी चूकच म्हटले आहे, आणि मलाही तसेच वाटते. तरीही वडिलांशी याविषयी बोलण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

व्हर्जिनिया, अमेरिका
अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत ‘लिबर्टी’वरच्या सहा जणांची एकत्र कबर आहे. आधीच्या दगडावर ते पूर्व भूमध्य समुद्रात मरण पावले एवढेच कोरलेले होते. १९८२ साली दगड बदलला, तेव्हा कोठे त्यावर जहाजाचे नाव आले.