त्सुत्सुईच्या कथा: भाकीत, भय की नुसता धिंगाणा?

रानवाटा
जपानी लेखक यासुताका त्सुत्सुईचा 'सॅल्मोनेला मेन ऑन प्लॅनेट पोर्नो' हा कथासंग्रह (इंग्रजी अनुवाद अँड्र्यू ड्रायव्हर) नुकताच वाचून संपवला. नावावर जाऊ नका. एका कथेत मोरिशिता नावाचा साधा नोकरदार टीव्ही लावतो, तर बातम्यांत तोच! ऑफिसातल्या मुलीला चहाला विचारलं, ती नाही म्हणाली, ही बातमी. पुढे तर त्याने ईल मासा खाल्ला हेही पेपरात. कथा १९७२ची आहे. सोशल मीडियाचं याहून अचूक भाकीत माझ्या वाचनात नाही.

अनुपमा_क
भाकीत नका म्हणू. आपण आपलं ताट स्वतःहून चव्हाट्यावर मांडतो. मोरिशिताला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्सुत्सुईचा राग तेव्हाच्या टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांवर आहे. आजचा चष्मा लावला की तो राग बोथट होतो. आणि संग्रहभर बायका एकतर वासनेचा विषय, नाहीतर कटकट. हे मला फार खुपलं.

दर्यावर्दी
बायकांबद्दलचं मान्य, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण 'शेवटचा धूम्रपान करणारा' (१९८७) पाहा. जगात उरलेला एकमेव सिगरेटवाला टोकियोच्या संसद भवनाच्या माथ्यावर जाऊन बसलाय. ऐकायला वेडगळ, पण वाचताना प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून पटत जाते. आधी तिरस्कार, मग मज्जाव, मग शिकार. धिंगाणा घालणाऱ्याला हे जमत नाही. त्याला शिस्त लागते.

सांजवेळ
शिस्त आहेच. पण या कथेतलं 'जमावाविरुद्ध एकटा' हे चित्र खुद्द त्सुत्सुईला लावणं मला इतकं सरळ वाटत नाही. त्याची एक जुनी कथा शाळेच्या पाठ्यपुस्तकात घेण्यावरून १९९३मध्ये जपानमधल्या अपस्मार संघटनेने आक्षेप घेतला, आणि त्याने लेखणी खाली ठेवल्याचं जाहीर केलं. माझ्या भावाला फिट्स येतात. आक्षेप घेणाऱ्यांत मला आमचंच घर दिसतं. त्यांना जमाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दर्यावर्दी
हे माहीत नव्हतं. तरी लेखकाने लिहिणं थांबवावं लागणं मला पटत नाही. पाठ्यपुस्तकातून कथा काढणं वेगळं, लेखक गप्प होणं वेगळं.

सांजवेळ
त्याला कुणी गप्प केलं नाही, तो झाला. हा फरक सोडू नका.

रानवाटा
अनुपमाताई, 'भाकीत' मागे घेते. काल ती कथा पुन्हा वाचली. 'मीच का?' या मोरिशिताच्या प्रश्नाला उत्तर एवढंच, की कुणीही चाललं असतं. पहिल्या वाचनात यावर मी हसले होते. काल नाही हसू आलं.