पूरपातळीच्या मेसेजसाठी लॅम्बडाचं कुठलं टेम्प्लेट घेऊ?

गावभाग_सांगली:
आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दर तासाला बघून गल्लीतल्या लोकांना मेसेज पाठवणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली आहे. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. सध्या घरच्या कॉम्प्युटरवर चालते, पण पाऊस लागला की लाइट जाते आणि नेमका तेव्हाच मेसेज हवा असतो. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा शेजारच्या आजींना रात्री उचलून बाहेर काढावं लागलं. यंदा एडब्ल्यूएस लॅम्बडावर (अॅमेझॉनच्या सर्व्हरवर आपला कोड चालवणारी सेवा) न्यायचं आहे. गिटहबवर स्टार्टर टेम्प्लेटं (सुरुवातीचे तयार साचे) ढिगानं आहेत, एकेकात भारंभार फायली. सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ:
दादा, ती जड टेम्प्लेटं सोडा. एडब्ल्यूएसचंच सॅम (लॅम्बडाचं काम उभं करायचं साधन) घ्या. 'सॅम इनिट' करून पायथनचं हॅलो वर्ल्ड निवडा. त्यातला एपीआय गेटवेचा (बाहेरून इंटरनेटवरून येणाऱ्या विनंत्यांचं दार) भाग काढून टाका, तुमच्या फंक्शनला बाहेरून कुणी हाक मारणार नाही. उरलेली टेम्प्लेट डॉट यॅमल ही सेटिंगची फाइल मात्र ओळ न् ओळ वाचा, पुढचं सगळं तिथंच ठरतं. टाइमआउट (फंक्शन चालायची कमाल वेळ) 3 सेकंदांचा असतो, तो 60 करा. पुराच्या दिवसांत पातळीचं पान उघडायलाच वेळ लागतो. वेळापत्रकाला 'शेड्यूल व्ही टू' वापरा आणि टाइमझोन आशिया/कोलकाता द्या. नाहीतर वेळापत्रक यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतं आणि दर तासाच्या ठोक्याचं काम अर्ध्या तासावर होतं.

आता खरं महत्त्वाचं. शेड्यूलवरून लॅम्बडा असिंक्रोनस (उत्तराची वाट न बघता) चालतो, एरर आली की आपणहून आणखी दोनदा चालतो. समजा साठ जणांच्या यादीत तिसाव्या नंबरला दरवेळी अडकलं, तर आधीच्या एकोणतीस जणांना तोच मेसेज तीनदा जाणार. रात्री दोन वाजता असं झालं की म्हातारी माणसं घाबरून जातात, आणि पुढच्या वेळी लोक मेसेज उघडतच नाहीत. डायनॅमोडीबीचं (एडब्ल्यूएसचा डेटाबेस) छोटं टेबल त्याच टेम्प्लेटमध्ये घाला. कुणाला कुठल्या टप्प्याचा मेसेज गेला ते पाठवल्यावर लगेच नोंदवा, पाठवण्याआधी तपासा.

मिरज_जंक्शन:
वरच्यात भर. लॉग (फंक्शनच्या प्रत्येक फेरीच्या नोंदी) आपोआप पुसले जात नाहीत, तेव्हा लॉग ग्रुपही टेम्प्लेटमध्येच लिहून 14 दिवसांची मुदत घाला. मेसेज पाठवणाऱ्या सेवेची की (गुप्त पासवर्डसारखी) कोडमध्ये नको, एडब्ल्यूएसच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये ठेवा. खर्चाची काळजी सोडा: महिन्याला वेळापत्रकाच्या जास्तीत जास्त 744 फेऱ्या, फुकटातली मर्यादा 10 लाखांची. आणि पातळी मिळालीच नाही तर स्क्रिप्टनं गप्प बसू नये, एरर फेकावी. त्यावर क्लाउडवॉचचा (एडब्ल्यूएसची देखरेखीची सेवा) अलार्म लावा आणि त्याला तुमचा मेल जोडा. मेसेज आला नाही म्हणजे पाणी वाढलेलं नाही, असंच लोक धरून चालतात.

गावभाग_सांगली:
मनापासून आभार. रविवारी बसतो. एकच शंका: पाणी 40 च्या आगंमागं खाली-वर होत राहिलं तर?

कृष्णाकाठ:
39 च्या खाली उतरल्याशिवाय टेबलातली 'इशारा' नोंद काढू नका. तसंच 45 चं, 44 खाली गेल्यावरच. कोयनेचा विसर्ग बदलला की अशी चढउतार होतेच.