ईशा सेसे यांचे मुलींसाठीचे काम वाहिनी सोडण्याआधीचे आहे

निवेदिका एखाद्या बाजूने उभी राहिली की तिची बातमीदारी संपते आणि सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या माजी निवेदिका ईशा सेसे यांनीही मुलींसाठी काम सुरू केले ते वाहिनी सोडल्यावरच, असा एक दावा केला जातो. यातला पहिला भाग मतभेदाचा म्हणून सोडून देता येईल; दुसरा मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. २००५ ते २०१८ या काळात त्या सीएनएनमध्ये होत्या आणि सिएरा लिओनमधील किशोरवयीन मुलींच्या शिक्षणासाठी व नेतृत्वविकासासाठी 'विमेन एव्हरीव्हेअर कॅन लीड' ही संस्था त्यांनी त्या नोकरीत असतानाच उभी केली.

चर्चेत न आलेला मुद्दा चिबोकचा आहे. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियातील चिबोकच्या शाळेतून बोको हराम या दहशतवादी संघटनेने २७६ मुलींना पळवून नेले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला आणि काही महिन्यांतच तो विरला. सेसे मात्र या विषयाकडे पुनःपुन्हा वळत राहिल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुटलेल्या २१ मुली त्या वर्षीच्या नाताळसाठी चिबोकला परतल्या, त्या प्रवासात सेसे त्यांच्यासोबत होत्या, आणि २०१९ मध्ये याच मुलींवर त्यांचे पुस्तक आले. मला तरी ही बाजू घेणे वाटत नाही, इतरांनी अर्धवट सोडलेली बातमी शेवटपर्यंत नेणे वाटते.