विषय: शेल्यांची शिलाई अडली, कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतंय

प्रेषक: ताई (सध्या गिरगाव)

मंडळी, तातडीचं आहे. मंडळाच्या लेझीमचे शेले 24, झालेत 5. काल संध्याकाळपासून आईच्या पायमशीनवर कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतंय. चार बोटं टीप नीट येते, मग चाक जड होतं आणि कापड खालून असं धरून बसतं की कात्रीशिवाय सुटत नाही. वरून टाका अगदी सरळ दिसतो. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, तीनदा भरली. ती बसते त्या वाटीचा, म्हणजे बॉबिन केसचा स्क्रू आवळून पाहिला, ढिला करून पाहिला. सुई नवी आहे, 14 नंबर. शनिवारी रात्रीचं परतीचं विमान आहे. गेल्या वर्षीसारखी मुलं टाचण्या लावून लेझीम खेळलेली मला पुन्हा बघवणार नाहीत.

प्रेषक: माई

स्क्रूला हात लावू नकोस बाळा. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनला धरतात, पण खालचं जाळं वरच्या दोऱ्याचं असतं. ते कापून उलगडून बघ, कुठल्या रिळाचा रंग निघतो ते. घोडा खाली ठेवून ओवलंस का? घोडा खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत जातच नाही. मग त्याला ताण राहत नाही आणि तो खाली साचत जातो. घोडा वर कर, सुई सगळ्यात वर आण आणि रिळापासून पुन्हा ओव. घोडा वर असताना दोरा सुळकन यायला हवा. घोडा टाकला की ओढताना सुई किंचित वाकेल इतका अडायला हवा. परळला असताना मी शेजारपाजारची झबली-टोपडी शिवायचे. दर पावसाळ्यात कुणीतरी मशीन बिघडली म्हणून हाक मारायचं, आणि दहातल्या आठ वेळा मशीन ठीकच असायची.

प्रेषक: वहिनी (शिवणगट)

नव्या मंडळींसाठी: घोडा म्हणजे प्रेसर फूट, सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय.

ताई, शेल्यांचं माप आणि दोरा शिवणगटाने ठरवला होता. कापड मुंबईत घ्यायचं आणि शिलाई इथे परतल्यावर करायची, असं बैठकीत बोलणं झालं होतं. आता अर्ध्यावर आहात म्हणून अडवत नाही, पण पुढच्या वेळी आधी विचारा. शिवाय कपाटातली बॉबिनची डबी दिसत नाही. तुम्ही नेलीत का?

प्रेषक: काका

माईंचं बरोबर आहे, तरी बॉबिन केस न तपासता पुढे जाऊ नये. भरलेली बॉबिन केसमध्ये घाल, केस दोऱ्याला लटकव आणि मनगटाला हलका झटका दे. केस बोटभर खाली येऊन थांबली तर ताण ठीक. सरसर घसरली तर ढिला, जागची हलली नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच तर पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि आधी खाच कुठे होती त्याची खूण कर. आता मुंबईत हवा दमट आहे. बंद पडून राहिलेल्या मशीनच्या केसवरच्या पातळ पट्टीखाली गंज धरतो, तिथे तंतूही अडकतात. जाड कागदाची कड पट्टीखालून ओढून काढ. सुईने घासू नकोस, ओरखडा पडला की दोरा तिथेच कायमचा तुटतो.

प्रेषक: सचिव

एवढं करण्यापेक्षा मंडळाचं इलेक्ट्रिक मशीनच सामानात दिलं असतं तर?

प्रेषक: काका

सचिवांना: ते 110 व्होल्टचं आहे, मुंबईत 230. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं असतं तर मोटर जळाली असती. ट्रान्सफॉर्मर म्हणजे आणखी वजन. बॅगेची मर्यादा गेल्या डिसेंबरमध्ये ढोलाच्या वेळी आपण सगळ्यांनी भोगली आहे.

प्रेषक: सचिव

ढोलाचा विषय संपला आहे. पावती खजिनदारांकडे आहे.

प्रेषक: काकू (दादर)

मी दर वर्षी तीन महिने इथेच असते म्हणून लिहिते. आईकडची जुनी सुती रिळं वापरत असशील तर आधी हाताने तोडून बघ. सहज तुटला तर तो दोरा कुजलाय, कितीही ओवलास तरी तुटणार. शेल्याची लेस घ्यायला भुलेश्वरला जाशीलच, तिथेच पॉलिएस्टरची रिळं घे.

प्रेषक: ताई (सध्या गिरगाव)

माई, नमस्कार करते. वर लाल, खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारली. जाळं सगळं लाल निघालं. घोडा वर करून ओवलं आणि जाळं थांबलं. आई म्हणाली, तिलाही आजीने हेच सांगितलं होतं, मी कधी ऐकलं नाही.

पण आता नवीनच. वीतभर टीप झाली की खालचा दोरा अडकतो, हिसका बसतो आणि पांढरे ठिपके वर दिसतात. पट्टीखालून गंजाचा चुरा निघाला, तरी हिसका आहेच. दोरा नवा आहे. वहिनी, डबी मी आणली, सांगायला हवं होतं, चुकलं.

प्रेषक: काका

डबीतली बॉबिन टेबलावर ठेव आणि बाजूने बघ. तोंडं सपाट की किंचित फुगीर?

प्रेषक: ताई (सध्या गिरगाव)

फुगीर.

प्रेषक: काका

मग ती क्लास 66 आहे, मंडळाच्या वरून बॉबिन टाकायच्या मशीनची. आईच्या मशीनला क्लास 15 लागते, सपाट तोंडाची. व्यास दोन्हींचा जवळजवळ सारखाच, साधारण 20 मिलीमीटर, म्हणून ती केसमध्ये बसते आणि फसवते. रुंदीला थोडी कमी असल्याने आत डुगडुगते आणि दोरा एकसारखा सुटत नाही. आईच्या खणात जुन्या लोखंडी बॉबिन असतील. कडेला गंज नसलेल्या निवड, उरलेला जुना दोरा पूर्ण काढ, मगच नवा भर. जुन्यावर नवा भरला की गुंडाळी पोकळ होते.

प्रेषक: वहिनी (शिवणगट)

डबीवर आता "फक्त मंडळाचं मशीन" अशी चिठ्ठी लावते. ताई, परत आणताना मोजून आणा, 12 होत्या.

प्रेषक: माई

आणि बॉबिन भरताना पाय संथ मार. भरभर भरलेला दोरा ताणला जातो, शिवल्यावर आकसतो आणि टीप चुण्या धरते.

प्रेषक: ताई (सध्या गिरगाव)

खणात 4 निघाल्या, 3 चांगल्या. तेल घातलं, आधी चिंधीवर टीप मारली, मग शेल्यावर. आत्तापर्यंत 13 झाले. केसचा स्क्रू मी फिरवला होता तो काकांच्या झटक्याच्या हिशेबाने परत जागेवर आणला. 12 फुगीर बॉबिन वेगळ्या पिशवीत बांधल्या आहेत.

वहिनी, माप तुमचंच ठेवलंय. टोकाला लेस एका बाजूला की दोन्ही? उद्या सकाळी भुलेश्वरला निघायच्या आत कळवा, तिथून फोन लागत नाही.

प्रेषक: वहिनी (शिवणगट)

दोन्ही. थोडी जास्तच घ्या, कोपरे वळवायला लागते.