तीन वर्षांच्या मुलाला "ताईला काय वाटेल?" विचारून उपयोग नाही

चिंचबोका:
काल लेकीसमोर (३ वर्षे २ महिने) बिस्किटांचा पुडा धरला. "आत काय?" "बिस्किट!" उघडला, तर खडू. पुडा मिटून विचारलं, "बाबा आला की त्याला काय वाटेल, आत काय आहे?" "खडू." आणि तुला आधी काय वाटलं होतं? तेही "खडू"! १९८७-८८ मध्ये गोळ्यांच्या डबीत पेन्सिली ठेवून केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. साधारण चार वर्षांची झाली की मुलांचं उत्तर बदलतं. मग तीन वर्षांच्या पोराला "तुला कळत कसं नाही?" म्हणून रागवायचं कशाला?

पाणपोई:
रागवू नये, मान्य. पण कळत नाही हे अजिबात मान्य नाही. माझा भाचा दीड वर्षाचा. दह्याला तोंड वेंगाडतो, पण आजीला आवडतं म्हणून वाटी उचलून तिच्याकडेच नेतो. २००५ मध्ये ओनिशी आणि बायार्जों या संशोधकांनी १५ महिन्यांच्या बाळांची नजर तपासली. बाईने खेळण्याची जागा बदललेली पाहिली नसताना ती नव्या जागी हात घाले, तेव्हा बाळं जास्त वेळ बघत राहत, म्हणजे त्यांना ते अनपेक्षित वाटे. तुझा प्रश्नच लांबलचक आहे, लेक अडखळली ती शब्दांत.

चिंचबोका:
दही आवडणं वेगळं, दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे कळणं वेगळं. आवडनिवड मुलांना आधी कळते, त्यावर वादच नाही. आणि नजरेचे हे प्रयोग पुढे अनेकांनी पुन्हा करून पाहिले, तेव्हा सगळीकडे तसाच निकाल आला नाही. त्यावर एवढी भिस्त नको.

बालवाडीताई:
दोघंही भाषा विसरताय. ऐकू येणाऱ्या आईवडिलांची कर्णबधिर मुलं या पुड्यासारख्या चाचणीत बरीच मागे राहतात. घरात सगळे खुणांच्या भाषेत बोलत असतील तर राहत नाहीत. म्हणजे मनाबद्दलचं बोलणं कानावर, नाहीतर डोळ्यांवर, पडावं लागतं. आपलं "मला वाटलं तू झोपलीस" घ्या. 'वाटलं' म्हणताच चूक झाल्याचं कळतं. वर्गात मी हे मुद्दाम बोलते: "मला वाटलं डबा संपला, बघते तर पोळी आहे!" म्हणून चिंचबोका, "ताईला काय वाटेल?" हे विचारणं थांबवू नका. उत्तराची घाई तेवढी करू नका.

पाणपोई:
ताईंचं पटलं. चिंचबोका, प्रश्न छोटा करून बघ: "बाबा आधी काय म्हणेल?"

चिंचबोका:
आत्ताच विचारलं. पुड्याकडे बघत राहिली. "बिस्किट." मग माझ्याकडे बघून, "नाही, खडू."