लेथवरून कॅडकडे वळायचंय, सुरुवात कुठून करू?

लेथवाला: नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत १२ वर्षं लेथवर आहे. ड्रॉइंग वाचता येतं, काढता येत नाही. मालक म्हणतात कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शीक. क्लासवाले ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स सगळंच एकदम गळ्यात मारतायत. घरी जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम. काय शिकू?

रेघोटी: घरांचे प्लॅन, लेआउट करायचे असते तर ऑटोकॅड म्हणालो असतो. १९८२ पासून आहे, त्याची डीडब्ल्यूजी फाइल बहुतेक ठिकाणी चालते. तुम्हाला मशिनिंगचे पार्ट करायचेत, तर पॅरामेट्रिक थ्रीडी शिका. क्लासला पैसे घालण्याआधी फ्रीकॅड टाकून बघा. फुकट आहे, छोट्या पार्टांना तुमचा लॅपटॉप पुरेल.

लेथवाला: पॅरामेट्रिक म्हणजे?

रेघोटी: फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची गोल चकती, घ्या. ४ भोकं, पीसीडी (भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १०० मिमी. गिऱ्हाईक म्हणालं ११० करा. साध्या टूडीत भोकं पुसून परत काढत बसा. इथे १०० च्या जागी ११० टाकलं की चारही भोकं सरकतात, त्यावरून काढलेलं ड्रॉइंगही बदलतं. फ्रीकॅडमध्ये स्केचला, म्हणजे पार्टच्या मूळ टूडी आकृतीला, सगळी मापं मिळाली की रेघा हिरव्या होतात.

मोजपट्टी: एक भर घालतो. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघा, कोणती बाजू कुठे काढलीय ते त्यावरून कळतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे वरून दिसणारं खाली काढतात. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगल, तिथे ते वर असतं. मी न बघता मॉडेल केलं, ब्रॅकेटचे स्लॉट उलट्या बाजूला गेले. २० नग भंगारात. मालक दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाकी तुम्ही आमच्या पुढेच आहात दादा. स्क्रीनवर २५ चं भोक नेमकं २५ दिसतं, त्यामुळे नवी पोरं टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, टाकायलाच विसरतात. २५ च्या भोकाला एच७ टॉलरन्स म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी, हे तुमच्या हाताला ठाऊक आहे.

लेथवाला: आज शेडमधलं तुटलेलं कपलिंग व्हर्नियरने मोजून काढायला बसलो. सगळी मापं दिली, तरी हिरवं होईना.

रेघोटी: सेंटर मोकळं राहिलंय बहुतेक. ओरिजिनला (शून्य बिंदूला) बांधा.

लेथवाला: झालं हिरवं! आता चँफर (कडेला तिरका काप) देताना एरर येतोय.