'ड्रॅगन एज'नंतर मोठ्या प्रकाशकाला प्रौढ फँटसी नकोशी का झाली?

भीमाकाठ (धागाकर्ता)

नोव्हेंबर २००९ मध्ये 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा व्हिडिओ गेम आला तेव्हा मी वसतिगृहात राहत होतो आणि खोलीतल्या एकाच संगणकावर आम्ही तिघे तो पाळीपाळीने खेळत असू. रेडक्लिफच्या किल्ल्यातला प्रसंग आला आणि खेळ थांबला. कॉनर नावाच्या लहान मुलाला पिशाच्चाने ग्रासले आहे. त्याला मारावे, त्याच्या आईचा बळी देऊन रक्तविद्येने त्याला सोडवावे, की गावावर पुन्हा संकट येण्याची जोखीम पत्करून दूरच्या जादूगारांकडे मदत मागायला जावे, असा पेच होता. आई स्वतःहून तयार असली तरी तिचा बळी घेणे योग्य ठरते का, यावरून आम्ही पहाटेपर्यंत वाद घातला.

त्यानंतर त्याच प्रकाशकाने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने (ईए), त्या तोडीचा दुसरा फँटसी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) दिला नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याची जी कारणे नेहमी सांगितली जातात (रक्त, नग्नता, वयोगटाचा शिक्का) ती मला पटत नाहीत, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी 'प्रौढ' या शब्दाबद्दल थोडे. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरचे 'केवळ प्रौढांसाठी' आणि एखाद्या लेखकाची 'प्रौढ समज' यांत आपण एकच शब्द वापरतो, पण अर्थ फार वेगळे आहेत. हा फरक 'द विचर' मालिकेत स्पष्ट दिसतो. २००७ च्या पहिल्या भागात नायकाचे एखाद्या स्त्रीशी संबंध आले की खेळाडूला तिच्या चित्राचे एक कार्ड मिळत असे. २०१५ च्या तिसऱ्या भागात त्याच स्टुडिओने ब्लडी बॅरनची कथा रचली. त्यात दारूच्या आहारी गेलेला आणि बायकोला मारणारा एक माणूस आपल्या कुटुंबाला शोधायची विनंती करतो, आणि त्याची कीव करावी की तिरस्कार, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. दोन्ही गेमवर शिक्का एकच होता. मी बोलतो आहे तो दुसऱ्या प्रकारच्या प्रौढपणाबद्दल.

माझ्या मते मोठा प्रकाशक रक्ताला किंवा नग्नतेला घाबरत नाही. त्याला नको असतो तो न दिसणाऱ्या आशयावरचा खर्च. खेळाडूच्या निर्णयाला खरे वजन द्यायचे तर प्रत्येक निर्णयापुढचे प्रसंग वेगळे लिहावे लागतात, कलाकारांकडून वदवून घ्यावे लागतात आणि त्यांचे ॲनिमेशन करावे लागते. त्यांतला मोठा भाग बहुतेक खेळाडू कधीच पाहत नाहीत. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये १७० तासांहून अधिक लांबीची दृश्ये असल्याचे लॅरियन स्टुडिओने प्रकाशनापूर्वी सांगितले होते. एका खेपेत त्यांतली किती दिसणार? शिवाय असा गेम एकदा विकला की त्यात दर आठवड्याला नवे विकण्यासारखे फारसे उरत नाही. ईएचे जवळपास तीन चतुर्थांश उत्पन्न लाइव्ह सर्व्हिसमधून, म्हणजे गेम विकल्यानंतरही त्यात चालू राहणाऱ्या विक्रीतून येते आणि त्यात फुटबॉल गेममधल्या खेळाडूंच्या पाकिटांचा (आत कोण निघेल ते न कळता विकत घ्यायच्या) वाटा मोठा आहे. त्या हिशेबाशेजारी कॉनरची आई कुठे बसणार?

तारखाही पाहाव्यात. 'ओरिजिन्स'ची घोषणा २००४ ची आहे, आणि ईएने तो करणारी बायोवेअर कंपनी ताब्यात घेतली ती जानेवारी २००८ मध्ये. म्हणजे त्या गेमचा पाया दुसऱ्याच घरात घातला गेला होता. नव्या घरातला 'ड्रॅगन एज २' अवघ्या सोळा महिन्यांत, मार्च २०११ मध्ये बाजारात आणला गेला, आणि त्यात त्याच त्या गुहांचे नकाशे पुनःपुन्हा वापरावे लागले. तरी त्याची कथा मला आवडते, हे इथे नोंदवतो.

पारावरचा

धागाकर्त्यांच्या भावना पोहोचल्या, पण वयोगटाच्या शिक्क्याला त्यांनी फार लवकर बाजूला सारले. अमेरिकेत ईएसआरबी ही संस्था गेमना वयोगट देते. 'टी' म्हणजे तेरा वर्षांपुढील, 'एम' म्हणजे सतरा, आणि 'एओ' म्हणजे अठरा. 'एओ' मिळालेला गेम कन्सोल कंपन्या आपल्या यंत्रांवर येऊ देत नाहीत आणि मोठी दुकानेही तो ठेवत नाहीत. २००५ मध्ये 'जीटीए: सॅन अँड्रियास'च्या फाइलींमध्ये दडलेला एक प्रसंग मॉडच्या (बाहेरच्यांनी गेममध्ये केलेल्या फेरफाराच्या) साहाय्याने उघडकीस आला, गेमला 'एओ' शिक्का बसला आणि दुकानांतून प्रती परत गेल्या.

पुढच्याच वर्षी ही वेळ फँटसी आरपीजीवर आली. 'ऑब्लिव्हियन' मार्च २००६ मध्ये 'टी' शिक्क्यानिशी विकला जात होता. मे महिन्यात तो 'एम' करण्यात आला. एका त्रयस्थ मॉडमुळे फाइलींतले एक अर्धनग्न शरीर दिसू शकत होते, आणि रक्तपातही मूळ सादरीकरणात दाखवल्यापेक्षा अधिक आढळला, ही त्याची कारणे होती. ज्या प्रकाशकांनी ही दोन वर्षे पाहिली त्यांच्या कायदा विभागाने पुढे किती काळजी घेतली असेल, याचा अंदाज कोणीही करू शकेल.

दुसरा मुद्दा विक्रीचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला 'हॉगवर्ट्स लेगसी' हा 'टी' शिक्क्याचा फँटसी आरपीजी त्या एका वर्षात दोन कोटींहून अधिक खपला. आई-वडील तो मुलांना निर्धास्तपणे घेऊन देऊ शकत होते. समोर असे उदाहरण असताना प्रकाशक सतरा वर्षांच्या आतला अख्खा ग्राहकवर्ग का सोडेल?

भीमाकाठ

'ऑब्लिव्हियन'चे उदाहरण योग्य आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवे होते. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ईएचेच 'डेड स्पेस', 'बॅटलफील्ड' आणि 'मास इफेक्ट' हे गेम 'एम' शिक्क्याचे आहेत. 'डेड स्पेस'मध्ये तर शत्रूचे हातपाय तोडणे हीच खेळण्याची रीत आहे. ज्या प्रकाशकाला ते चालते त्याला शिक्क्याची भीती वाटते, असे म्हणता येणार नाही. रक्त दाखवण्याचा खर्च एकदाच होतो आणि ते प्रत्येक खेळाडूला दिसते. खेळाडूने केलेल्या अन्यायाचे परिणाम तीस तासांनंतर त्याच्यासमोर उभे करणे, हे काम कितीतरी अधिक महाग आहे.

रात्रपाळी

मी पुण्यात गेमच्या तपासणीचे, म्हणजे क्यूएचे काम करते. खर्चाच्या मुद्द्याला माझ्या टेबलावरून दुजोरा देते, पण त्यात एक दुरुस्तीही सुचवते.

समजा, पहिल्या अंकात एका पात्राला मारता येते. तर त्यानंतरच्या प्रत्येक प्रसंगात ते पात्र जिवंत असताना काय होते आणि मेलेले असताना काय होते, हे आम्हाला दोनदा तपासावे लागते. त्याच्या बहिणीला ते माहीत असले आणि माहीत नसले, असे आणखी दोन फाटे फुटतात. असे पाच-सहा निर्णय एकमेकांत गुंतले की सर्व शक्यता खेळून पाहणे माणसांच्या आवाक्यात राहत नाही, आणि मग कोणत्या वाटा सोडून द्यायच्या याची यादी करावी लागते. मेलेला माणूस तिसऱ्या अंकात चहाच्या टेबलाशी बसलेला सापडतो तो अशा सोडलेल्या वाटेवर. ही चूक सापडल्यावर ती दुरुस्त करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ते पात्र मरूच न देणे. मी हे प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे. लेखकाने जिव्हाळ्याने लिहिलेला मृत्यू वेळापत्रकामुळे काढून टाकला जातो, आणि त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो.

म्हणून मला पैशापेक्षा वेळ अधिक महत्त्वाचा वाटतो. लॅरियनने 'बाल्डर्स गेट ३' चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे गेम पूर्ण होण्याआधीच विक्रीला, खुला केला आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. जवळपास तीन वर्षे हजारो खेळाडू त्या वाटा तुडवत होते आणि चुका कळवत होते, तेही गेमचे पैसे आधी देऊन. तिमाहीच्या निकालांत तारीख जाहीर करून बसलेला प्रकाशक अर्धवट, ओबडधोबड गेम इतका काळ लोकांसमोर ठेवायला तयार होईल, असे मला वाटत नाही.

हिशेबनीस

या धाग्यात प्रकाशकाची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. तुम्ही सर्वजण तगलेल्यांची उदाहरणे देत आहात. बुडालेल्यांची यादीही पाहा. ब्लॅक आइल हा इंटरप्ले कंपनीचा या प्रकारातला नावाजलेला विभाग डिसेंबर २००३ मध्ये बंद झाला. 'आर्केनम' करणारा ट्रॉइका स्टुडिओ २००५ मध्ये मिटला. 'किंगडम्स ऑफ अमलूर: रेकनिंग' हा 'एम' शिक्क्याचा फँटसी आरपीजी फेब्रुवारी २०१२ मध्ये ईएनेच प्रकाशित केला होता, तेव्हा ईए हे टाळतच आली, असे म्हणणेही बरोबर नाही. तो विकसित करणाऱ्या ३८ स्टुडिओजने काही महिन्यांतच दिवाळखोरी जाहीर केली आणि ऱ्होड आयलंड राज्याने हमी दिलेल्या साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाचा प्रश्न तिथल्या करदात्यांसमोर उभा राहिला. त्या बुडण्याला एका अर्धवट राहिलेल्या ऑनलाइन गेमचा मोठा हातभार होता, हे मान्य. पण 'रेकनिंग' त्याला वाचवू शकला नाही.

लॅरियनसुद्धा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन' करताना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, आणि हे तिचे संस्थापक स्वेन विन्के यांनी स्वतः सांगितलेले आहे. आपली कंपनी पणाला लावण्याचा अधिकार त्यांना होता. ज्यांच्या हातात इतरांचे पैसे आहेत त्यांना तो नाही. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार ज्या पाकिटांतून निघतात त्यांना तुच्छ लेखणे मला अन्यायाचे वाटते.

कोयनाकाठ

हिशेबनीस यांना एक प्रश्न आहे. जोखीम मोजायला हरकत नाही, पण मोजमाप तरी नीट होते का? सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांतल्या २०२२ च्या एका ईमेलमध्ये 'बाल्डर्स गेट ३' गेम पास या आपल्या वर्गणीच्या सेवेवर आणण्यासाठी सुमारे ५० लाख डॉलरचा अंदाज होता, आणि त्याची ओळख स्टेडिया या गूगलच्या गेमसेवेवरून दुसऱ्या फेरीत येणारा पीसी आरपीजी, एवढीच होती. पुढच्या वर्षी त्याच गेमने २०२३ चा सर्वोत्तम गेम हा पुरस्कार घेतला. 'विचर ३' च्या पाच कोटींहून अधिक प्रती विकणारी सीडी प्रोजेक्ट वॉर्सा शेअर बाजारात नोंदलेली आहे, तिलाही भागधारक आहेत.

आणि पारावरचा यांच्या मुद्द्याला आपल्याकडचे एक उदाहरण जोडतो, कारण ते त्यांच्याच बाजूचे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' येण्याच्या तोंडावर ईएने तो भारतातून मागे घेतला. स्थानिक आशयविषयक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे निवेदन होते, पण कोणता कायदा हे त्यात नव्हते. कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा लागू केलेले होते आणि गेममध्ये समलिंगी नातेसंबंध होते, त्यामुळे अनेकांनी दोन्हींची सांगड घातली. त्याआधी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन 'फॉलआउट ३' इथे आणला नव्हता. कोणी बंदी घातली नव्हती, तरी दोन गेम आले नाहीत. लहान बाजारपेठेसाठी वाद ओढवून घेण्यापेक्षा ती सोडून देणे त्यांना सोपे वाटले.

हिशेबनीस

मायक्रोसॉफ्टचा अंदाज चुकला, हे निर्विवाद आहे. परंतु अंदाज उलट दिशेनेही चुकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' पाहा. तो 'एम' शिक्क्याचा होता, एकट्याने खेळायचा होता, त्यात पाकिटे नव्हती. 'अँथम' या ऑनलाइन गेमच्या अपयशानंतर बायोवेअरला २०२१ मध्ये लाइव्ह सर्व्हिसचा आराखडा सोडण्याची मुभा मिळाली होती, म्हणजे प्रकाशकाने तुमचेच ऐकले. पहिल्या तिमाहीत खेळाडू आले सुमारे १५ लाख, अपेक्षेच्या जवळपास निम्मे. त्यानंतर ईएचे प्रमुख अँड्र्यू विल्सन यांनी गुंतवणूकदारांना सांगितले की, खेळाडूंना उत्तम कथेबरोबर अनेकांनी मिळून खेळायच्या सामायिक जगाची वैशिष्ट्येही हवी आहेत. आकडे समोर ठेवून दुसरे काय म्हणणार?

भीमाकाठ

आकडे मला ठाऊक आहेत. पण तो गेम तुम्ही खेळला आहात का, हे मी मनापासून विचारतो. आधीच्या तीन गेममध्ये टेव्हिंटर या साम्राज्याचे नाव निघाले की सोबत गुलामांचा विषय निघत असे. दुसऱ्या भागातला फेन्रिस हा तिथून पळालेला गुलाम, त्याच्या अंगावरच्या खुणांची कथा ऐकताना अंगावर काटा येतो. पंधरा वर्षे वाट पाहिल्यानंतर 'व्हेलगार्ड'मध्ये आपण त्या साम्राज्याच्या राजधानीत, मिनरॅथसच्या रस्त्यांवर उभे राहतो, आणि तिथे गुलामगिरी कडेकडेने, उल्लेखांपुरती उरते. सोबती एकमेकांशी भांडतात तेही समजूतदारपणे. नायकाला क्रूर होताच येत नाही. शरीरे उघडी दाखवण्याची सोय मात्र आहे. मी सुरुवातीला ज्या दोन अर्थांबद्दल लिहिले त्यांतला पहिला इथे पूर्ण आहे आणि दुसरा जवळजवळ नाही. मग या गेमच्या अपयशावरून प्रौढ फँटसीला ग्राहक नाही, असा निष्कर्ष कसा काढता येतो?

रात्रपाळी

मी खेळले आहे आणि टेव्हिंटरबद्दल भीमाकाठ यांच्याशी सहमत आहे. फक्त एवढे लक्षात घ्यावे की तो गेम आधी अनेकांनी मिळून खेळण्यासाठी आखला होता. चार जण एकत्र खेळणार असतील तर एकाच्या क्रूर निर्णयाने उरलेल्या तिघांची कथा बिघडून चालत नाही. असा सांगाडा एकदा उभा राहिला की वरून कथा बदलली तरी सांधे तेच राहतात. आत नेमके काय झाले ते मला माहीत नाही, पण खेळताना मला ते सांधे जाणवत होते.

हिशेबनीस

होय, मी खेळलो आहे, पूर्ण, साठ तास. टेव्हिंटरविषयीची निराशा माझीही आहे आणि फेन्रिसचा मुद्दा मला मान्य आहे. पण तुम्ही मागता तसा गेम करायचा तर सहा वर्षे आणि शेकडो माणसे लागतील, हे रात्रपाळी यांच्या वर्णनावरूनच दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये ईए ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा सौदा जाहीर झाला आणि त्यांतले २० अब्ज डॉलर कर्जाचे आहेत. त्या कर्जाचे व्याज दर वर्षी द्यावे लागेल, आणि सहा वर्षे थांबायला कोणताही सावकार तयार नसतो.

भीमाकाठ

मग आपले कारणाबद्दल एकमत झाले आहे आणि मतभेद फक्त ते क्षम्य आहे की नाही एवढ्यापुरता उरला आहे. माझ्या दृष्टीने ते क्षम्य नाही, कारण 'ड्रॅगन एज'चे हक्क ईएकडेच आहेत. ज्यांना सहा वर्षे थांबायची तयारी आहे त्यांनाही ते जग आता हाती घेता येत नाही.